आईच्या नावाचा बावटा

मी राजकारणात कसा आलो असं कुणी विचारलं, की मी डावी पोटरी दाखवतो. तिथं मधोमध एक खळगा आहे. होडी किनाऱ्यावर ओढताना ओंडक्यावरून घसरली आणि पायावर आली, त्याची ती खूण. तो पाय मोडला नसता तर मी जन्मभर तांडेल म्हणून सुकाणू धरून बसलो असतो. पाय मोडला आणि नगरपालिकेच्या खुर्चीवर चौदा वर्षं बसलो. हा लेख मागताना संपादकांनी पत्रात ‘आपली राजकीय जडणघडण’ असे शब्द लिहिले आहेत. आमच्या जडणघडणीला हाडवैद्यानं चार महिने लेप लावला, एवढं सांगून पुढं जातो.

गावाचं नाव लिहीत नाही. रेवदंड्याहून शिडाच्या होडीनं सकाळी निघालात तर दुपारी याल, इतपत ठिकाण सांगतो. ज्यांच्याशी सभेत भांडलो त्यांची नातवंडं आज माझ्या दारी सुके बोंबील न्यायला येतात. उगीच त्यांची पंचाईत नको.

स्वातंत्र्याच्या आधी गावात मत होतं ते ठराविक पट्टी भरणाऱ्यांना. आमच्या कोळीवाड्यात अशी घरं बोटांवर मोजण्यासारखी. मग राज्य आपलं झालं, सगळ्यांना मत आलं आणि कोळीवाड्याला पालिकेत एक जागा आली. आमची जमात देवळापुढं बसली. कोणाला पाठवायचं? धडधाकट माणूस पाठवला तर त्याच्या होडीवर खलाशी कमी पडणार. सगळे विचार करत होते, आणि विचार करता करता एकेकाची नजर माझ्या पायाकडं वळत होती. शेवटी जमातीचे म्हातारे पाटील म्हणाले, “धर्मा नायतरी बसलेलाच हाय. हितं बसतो तो थितं बसंल.” झाली माझी उमेदवारी.

आता मतदानाचा दिवस. बाहेरच्या वाचकाला इथं थोडं समुद्राचं सांगायला हवं. अष्टमीच्या आगेमागे भांग असतो. पाण्याला ओढ नसते, तेव्हा आम्ही घरी बसून जाळी सांधतो आणि लग्नं जमवतो. पुनव-अवसेच्या आगेमागे उधाण, पाणी जोरात धावतं आणि आमच्या डोल जाळ्यात मासळी शिरते ती तेव्हाच. त्या दिवसांत कोळी जमिनीवर सापडायचा नाही. कचेरीच्या कॅलेंडरात तारखा असतात, वार असतात, पाणी मात्र नसतं. साहेबांनी मतदान ठेवलं ऐन उधाणात. सगळे पुरुष समुद्रावर गेले आणि मतं टाकली ती बायांनी. मी निवडून आलो. घरी आल्यावर बायको हिरा म्हणाली, “तुमाला बायांनी बसवलाय, इसरू नका.” विसरू दिलंच नाही तिनं कधी.

तेव्हा नगरसेवक हा शब्द नव्हता. आम्ही मेंबर. मेंबरचं काम लोकांना वाटतं तसं भाषणाचं नाही. निम्मं काम ऐकण्याचं आणि निम्मं काम शिपायाला शोधण्याचं. गटार तुंबलं, विहिरीत शेळी पडली, नातवाच्या जन्माची नोंद राहिली, की माणूस सरळ आपल्या ओटीवर. नाही म्हणायचं नसतं. ‘बघतो’ म्हणायचं आणि खरोखरच जाऊन बघायचं. बघितलं की निम्मे लोक शांत होतात, हे मला पहिल्या सहा महिन्यांत कळलं.

पहिल्याच सभेत मात्र मी हसं करून घेतलं. ठरावाच्या बाजूनं हात वर करा म्हणाले, मी केला. विरोधात हात वर करा म्हणाले, मी पुन्हा केला. सगळी सभा हसायला लागली. मला वाटलं, दोन्हीकडचे आपलेच, कुणाला वाईट कशाला वाटू द्यायचं. आमच्या जमातीत हात मोजायची रीतच नाही. सगळ्यांचं एकमत होईपर्यंत बोलायचं, भांडायचं, रुसायचं, पण उठायचं ते एका तोंडानं. सहाजण म्हणाले म्हणून पाचजणांनी गप्प बसायचं, हा प्रकार मला आजही थोडा रानटीच वाटतो.

अध्यक्ष नानासाहेबांनी मला त्या दिवशी बाजूला घेऊन समजावलं. नानासाहेब वकील. पांढरंशुभ्र धोतर, वर काळा कोट, खिशात घडीचा रुमाल. माणूस सरळ, हाताचा स्वच्छ, फक्त आमच्या किनाऱ्यावरून जायची वेळ आली की रुमाल खिशातून निघून नाकाला लागायचा. मला ते झोंबायचं. पण कायदा त्यांनीच मला शिकवला, हेही खरं.

गिऱ्हाइकं एकेक भेटली. ठकूबाईच्या दारासमोर पालिकेचा रॉकेलचा दिवा होता. ती म्हणे, उजेडानं माझ्या कोंबड्या झोपत नाहीत, अंडी देत नाहीत, दिवा हलवा. समोरची म्हणे, दिवा हलवलात तर मी अंधारात पडेन. दोन महिने दोघी माझ्या ओटीवर आळीपाळीनं बसत होत्या. शेवटी मी दिव्याच्या एका अंगाला पत्र्याचा तुकडा ठोकून घेतला. कोंबड्यांना अंधार, शेजारणीला उजेड. चार दिवसांनी ठकूबाई परत हजर. कोंबड्या अंडी देऊ लागल्या होत्या, पण आता तिला स्वतःला समोरच्या घरी कोण येतं-जातं ते दिसत नव्हतं. त्यावर मला तोडगा सापडला नाही.

आणखी एक काम केलं, ते म्हणजे बायांसाठी साक्षरतेचा वर्ग. दुपारी मासळी विकून आल्या की शाळेच्या ओसरीवर तासभर. हिरानं त्यात नाव घातलं तेव्हा मी तिची टर उडवली होती. ती अक्षर अन् अक्षर बोटानं दाबून वाचायची, जणू सोडलं तर पळून जाईल. मी हसायचो. ते हसणं मला पुढं गिळावं लागलं, ते असं.

पालिकेच्या कचेरीमागे समुद्राकडं वाळूचा मोठा पट्टा होता. तिथं आमच्या वलांड्या उभ्या. वलांडी म्हणजे बांबू रोवून त्यावर आडवे दोर बांधलेले. त्यावर बाया बोंबील जबड्यात जबडा अडकवून वाळत घालतात. पावसात होड्या बंद असतात तेव्हा घर चालतं ते या सुक्या मासळीवर, आणि ती सगळी बायांची मिळकत. ती वाळू गेली तर पावसाचे चार महिने चुलीवर काय ठेवायचं हा प्रश्न. नानासाहेबांना त्याच जागी बाग करायची होती. बाकं, फुलझाडं, मधे कारंजं. मुंबईहून पाहुणे येतात, वासानं नाक धरून परत जातात, हे त्यांना फार लागायचं. गावावर त्यांचंही प्रेम होतंच. आमचं गाव आणि त्यांचं गाव एकच, फक्त नाकं वेगळी होती.

पालिकेत आम्ही बाराजण. बागेच्या बाजूनं नानासाहेब धरून सहा. पाच आमच्या बाजूचे, आणि सहावा मी. मी नसलो तर विषय जागच्या जागी मंजूर, हे शाळेतलं पोरही सांगेल.

सभेची नोटीस घेऊन शिपाई आला तो नारळी पुनवेला. वाजंत्री लागली होती, होड्या रंगवून सजवल्या होत्या, सोनेरी कागदात गुंडाळलेला नारळ घेऊन मिरवणूक निघत होती. माझा पाय एव्हाना नाचण्याइतका बरा झाला होता. मी शिक्क्याचा कागद न वाचता देव्हाऱ्यात ठेवला, नमस्कार केला आणि नाचायला गेलो. गेली कित्येक वर्षं या चुकीचं खापर कुणाच्या तरी माथी मारायचा प्रयत्न करतोय, पण माणूस सापडत नाही. सभा होती तिसऱ्या दिवशी, वद्य द्वितीयेला, सकाळी अकरा वाजता. त्या दिवशी पहाटेच्या ओहोटीबरोबर मी होडी घेऊन बाहेर पडलो. हंगामाचं पहिलं उधाण, कोळीवाड्याच्या सगळ्या होड्या बाहेर.

सकाळी हिरा देव्हारा पुसत होती. कागद हाती लागला. तिनं बोट ठेवून वाचायला घेतलं. पुष्कळसं अडलं, पण चौथ्या विषयाशी आली आणि दोन शब्द लागले. ‘वलांड्या’ आणि ‘काढणे’. खाली तारीख आणि वेळ. ती उठलीच.

मला बोलवायचं कसं? बंदरावर आमची एक उंच काठी आहे. तिच्यावर दोनच बावटे चढतात. तांबडा म्हणजे वारा येतोय, मिळेल त्या खाडीत शिरा. पांढरा म्हणजे कोळीवाड्यात कुणीतरी गेलं, घरी या. पांढऱ्याखाली ज्या घरातलं माणूस गेलं त्या घराची निशाणी बांधतात. आमची दोन काळ्या पट्ट्यांची. तांबडा लावला असता तर आम्ही चौलच्या खाडीकडं पळालो असतो. घरी आणणारा एकच, पांढरा. पण पांढरा लावायचा तर कुणाच्या तरी नावानं लावायला हवा.

हिरा सासूसमोर जाऊन उभी राहिली. माझी आई उंबऱ्यात बसून करंदी, म्हणजे बारीक कोलंबी, निवडत होती. हिरानं सगळं सांगितलं आणि घाबरत विचारलं की तुमच्या नावानं लावू का. आई म्हणाली, “लाव की. खरी मरंन तवा मना कुठं बगाया मिलनार हाय?”

बावटा चढला. मग हिरानं बाया गोळा केल्या. नारळी पुनवेनंतरची पहिली मासळी गावातल्या मानकऱ्यांना द्यायची आमच्याकडं जुनी चाल आहे, तिला मान म्हणतात. एक जोडी पापलेट, जो खात नाही त्याला नारळ, वर हळदकुंकू. त्यात एक अट आहे. मान घेतला त्यानं त्या हंगामात कोळीवाड्याशी वैर धरायचं नाही, आणि कोळीवाड्यानंही त्याच्याशी. दर साली चार बाया घरोघर जाऊन देतात, पण मेंबर म्हणून कुणाला कधी दिला नव्हता. त्या साली चाळीस बाया आदल्या दिवशीची मासळी टोपल्यांत घेऊन, नव्या लुगड्यांत, अकराच्या ठोक्याला सरळ सभागृहात गेल्या.

पुढचं मला आमच्या बाजूच्या मेंबरांनी पुष्कळदा सांगितलंय. नानासाहेब घंटी वाजवणार तोच हिरा पुढं झाली आणि अध्यक्षांना कुंकू लावून हातात नारळ दिला. मान नाकारायचा नसतो, हे गावात जन्मलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. नानासाहेबांनी घेतला. मग दुसरी आली. तिचाही नारळ. प्रत्येक बाई प्रत्येक मेंबरला वेगळा मान देणार होती. अकरा मेंबर, चाळीस बाया. शिपाई दारात कपाळाला हात लावून उभा. टेबलावर पापलेटांची रास वाढत होती आणि कामकाजाचे कागद खालून ओले होत होते.

आणि मी? मी समुद्रावर होतो. नऊच्या सुमाराला माझ्या भावाला बावटा दिसला. मी डोळ्यावर हात धरला. पांढरा. खाली दोन काळे पट्टे. घरात तान्हं मूल नव्हतं, आजारी कुणी नव्हतं, होती ती म्हातारी आई.  जाळं तसंच टाकून आम्ही शीड फिरवलं. मागं बघतो तो एकेक करून सगळ्या होड्या फिरल्या. पांढरा दिसला की कोळी जाळ्याकडं बघत नाही.

खाडीच्या तोंडाशी आलो तर पाणी नाही. तिथं वाळूचा दांडा आहे. ओहोटीत होडी आत जात नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, असा आमचा हिशेब. द्वितीयेला पुरी भरती दीड वाजता. म्हणजे बाराच्या पुढं कुठं दांड्यावरून जाण्याइतकं पाणी. तासाच्या वर मी तिथं नांगर टाकून समोर घराचं छप्पर बघत बसलो. पहाटे निघताना आई म्हणाली होती, भाकरी घे, आणि मी नको म्हणून आलो होतो. तेवढंच मनात फिरत होतं. मी त्या दिवशी होडीत रडलो, खलाशांसमोर, आणि मला त्याची लाज वाटली नाही.

पाणी आलं. होडी लागली. किनाऱ्यावर चिटपाखरू नाही. एकही बाई नाही.  म्हटलं, सगळ्या घरीच जमल्या असणार. धावत घरी गेलो तो आई उंबऱ्यात बसलेली. पुढ्यात सुपात करंदी. माझ्याकडं बघून म्हणाली, “रडतो कनाला? मी जिती हाय. पालिकेत जा आधी.”

मी तिच्या पायाशी बसलो तर तिनं मला ढकललं. तसाच निघालो. अंगात ओला सदरा, कमरेला गुंडाळलेला सुरका, पायात काही नाही. सभागृहात शिरलो तेव्हा एक वाजायला आला होता आणि तेहतिसावी बाई आठव्या मेंबरला कुंकू लावत होती. हिरानं माझ्याकडं एकदा पाहिलं आणि हात वर केला. बाया टोपल्या घेऊन भिंतीशी बसल्या, अगदी शिस्तीत.

एका मेंबरनं माझ्या पोशाखावर हरकत घेतली. नानासाहेब म्हणाले, सन्माननीय सभासद कामावरून आले आहेत, हरकत फेटाळली. मग चौथा विषय. बाजूनं सहा हात, विरोधात सहा. मी एकच हात, एकदाच वर केला, आणि पुरेसा उंच. आता निकाल अध्यक्षांच्या जादा मतावर. सगळे त्यांच्याकडं बघायला लागले. त्यांच्या पुढ्यात तेहतीस नारळ होते.

नानासाहेबांनी त्यातला एक नारळ हातात घेऊन फिरवून पाहिला. मग म्हाताऱ्या हेडक्लार्कला त्यांनी हळूच विचारलं की मान घेतल्यावर हंगामभर वैर धरायचं नाही, असंच ना? हेडक्लार्क म्हणाला, हो, आपल्या वडिलांनीही पाळलं होतं. नानासाहेबांनी चष्मा पुसला. “चौथा विषय हा हंगाम संपेपर्यंत तहकूब.”

पुढच्या साली तो विषय पुन्हा यायचा होता. पण तो येण्याआधी हिरा नारळ घेऊन त्यांच्या घरी गेली. त्याच्या पुढच्या सालीही. नानासाहेब दारातच हसून हात पुढं करायचे. बाग मग किल्ल्याच्या बाजूला झाली, कारंज्यासकट, आणि तिला माझंही मत होतं. चौथा विषय माझ्या माहितीप्रमाणे अजून तहकूब आहे.

कोळीवाड्यात मात्र माझी धडगत नव्हती. हंगामाच्या पहिल्याच उधाणात सगळ्यांचं एक पाणी, म्हणजे एका खेपेची मासळी, बुडालं होतं. खांदा द्यायला आलेले लोक आईला करंदी निवडताना बघून आधी खुळ्यासारखे हसले आणि मग चिडले. जमात बसली. दंड म्हणून मी सगळ्यांना जेवण घालायचं ठरलं. आईनं जाहीर केलं की हे माझं बारावं आहे, आणि स्वतःच्या बाराव्याला ती पंगतीत पहिल्या पाटावर बसून दोनदा वाढून घेऊन जेवली. एवढं हसणं आमच्या वाड्यात मी पुन्हा ऐकलं नाही.

पाटील तेवढे हसले नाहीत. हात धुताना ते मला म्हणाले, “वलांड्या राखल्यास, बरा केलास. पन पांढरा बावटा खोटा कदी लागला न्हवता. आता खरा लागंल तवा कोन येनार?”

ते बोलणं माझ्या मनात रुतून बसलं. आईच्याही बसलं असावं. नारळी पुनवेला ती दर साली थट्टेनं विचारायची की यंदा बावटा लावायचा का, आणि हसता हसता तिची नजर बंदरावरच्या काठीकडं जायची.

नंतर नऊ वर्षं जगली ती. मार्गशीर्षातला उधाणाचा दिवस होता, आणि मी सभेत होतो. पाणीपट्टीवर वाद चालला होता. नानासाहेब बोलता बोलता थांबले. त्यांची खुर्ची पश्चिमेच्या खिडकीसमोर. मागं एकदा त्यांनी मला दोन्ही बावट्यांचा अर्थ विचारून घेतला होता. ते उभे राहिले आणि म्हणाले, “तांडेल, बाहेर बघा. पांढरा आहे. निशाणी तुमची आहे.” सभा तहकूब करून ते माझ्याबरोबर निघाले.

आम्ही वाळूवरून चाललो. दोन्ही बाजूंना वलांड्या बोंबलांनी गच्च भरलेल्या, उन्हात वास घमघमत होता. सवयीनं माझी नजर नानासाहेबांच्या खिशाकडं गेली. रुमाल खिशातच होता. दारात हिरा बसली होती. आई दुपारी आडवी झाली ती उठली नाही, एवढंच ती बोलली. मी आत जाऊन आईच्या पायांवर डोकं ठेवलं आणि बाहेर येऊन समुद्राकडं तोंड करून उभा राहिलो. माझा जीव आता एकाच गोष्टीत अडकला होता. होड्या लांब होत्या, ठिपक्यांएवढ्या, आणि एकही हलत नव्हती. पाटलांचं बोलणं आठवत होतं. मी नानासाहेबांना म्हणालो, खोटा एकदा लावला होता, आता येणार नाहीत. ते शेजारी येऊन उभे राहिले.

मग एक शीड फिरलं. माझ्या भावाचं असेल म्हटलं, तो तर येणारच. मग दुसरं फिरलं. मग त्याच्या बाजूचं. मला पुढचं नीट दिसेना, डोळे भरले होते. नानासाहेब बोट दाखवत एकेक शीड मोजत होते, कोर्टात साक्षीदार मोजावेत तसे, सावकाश. शेवटी त्यांनी हात खाली घेतला.

“सत्तावीस,” ते म्हणाले.

आमच्या कोळीवाड्यात होड्याच सत्तावीस होत्या.